तिसऱ्या नंबरची मुलगी

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊच्या सुमारास एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली ही मुलगी. आमच्या शाळेत होती तेव्हा रोज डोंगर उतरून यायची आणि संध्याकाळी तोच डोंगर चढून घरी जायची. तिचे पाय तिथेच तयार झाले. आता ती खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीला लागली आहे. तब्येत, घरचे, शाळा अशी नेहमीची विचारपूस झाली आणि मग ती थोडी थांबली.

‘सर, एक विचारू? रागावणार नाही ना?’

‘विचार की गं.’

‘जिल्ह्याच्या स्पर्धेला मला खोकला झाला होता. तुम्ही मेडिकलमधून बाटली आणली होती. तिच्यात काय होतं?’

मला लगेच काही सुचलं नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलांना घेऊन एसटीने अलिबागला गेलो होतो. रात्रभर ती खोकत होती. सकाळी मी दुकानातून खोकल्याचं औषध आणलं आणि झाकण भरून दोनदा पाजलं. दुपारी ती तीन हजार मीटर धावली आणि दुसरी आली. पहिल्या दोघींची पुढच्या फेरीसाठी निवड झाली. परतीच्या गाडीत मुलांनी घसा बसेपर्यंत गाणी म्हटली. माझ्या नोकरीतल्या चांगल्या दिवसांपैकी तो एक दिवस होता.

तिने सांगितलं, की त्यांच्या शिबिरात डोपिंगवर एक वर्ग झाला. पडद्यावर बंदी असलेल्या औषधांची यादी दाखवली. त्यात टर्ब्युटालिन हे नाव आलं आणि शिकवणारे म्हणाले, की आपल्याकडच्या खोकल्याच्या कितीतरी औषधांत हे असतं. ‘तेव्हापासून डोक्यातून जात नाही, सर.’

मी बघून सांगतो म्हणालो आणि फोन ठेवला. आमच्या घरात वर्षानुवर्षं एकाच कंपनीचं खोकल्याचं औषध येतं. त्या दिवशी अलिबागलाही मी सवयीने तेच मागितलं होतं. फडताळातली बाटली काढली, चष्मा लावला, मोबाइलचा उजेड धरला. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत तीन नावं होती. त्यातलं एक टर्ब्युटालिन.

हे औषध दम्याच्या रोग्याला देतात. आवळलेल्या श्वासनलिका त्याने मोकळ्या होतात. दम्याची काही औषधं ठरावीक मात्रेपर्यंत फवाऱ्यातून ओढायला खेळाडूला परवानगी असते, पण टर्ब्युटालिन त्यात बसत नाही. ते हवं असेल तर आधी अर्ज करून उपचारासाठी सूट घ्यावी लागते. शालेय स्पर्धेत तपासणी नव्हती, त्यामुळे कुणी पकडलं नाही. दोन झाकणांनी ती किती सेकंद लवकर पोचली, की एकही सेकंद नाही, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. पण प्रश्न विचारला गेला होता आणि तो मला विचारला गेला होता. उत्तर सापडलं नाही की शिक्षक पुस्तकं काढून बसतो. मीही बसलो.

लांब पल्ल्याच्या धावण्याचा इतिहास वाचताना सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात येते: फसवणूक कशाला म्हणायचं, हे दर पिढीत बदलत आलं आहे.

1904 साली अमेरिकेत सेंट लुइसला ऑलिंपिक भरलं. मॅरेथॉनमध्ये फ्रेड लॉर्झ नावाचा धावपटू सगळ्यांच्या आधी मैदानात शिरला. नंतर कळलं, की मधला बराच रस्ता त्याने मोटारीतून कापला होता. त्याला बाद केलं. विजेता ठरला टॉमस हिक्स. हिक्सच्या सोबतच्या लोकांनी वाटेत त्याला स्ट्रिक्निन दिलं होतं. स्ट्रिक्निन हे विष. उंदीर मारायला वापरतात. थोड्या मात्रेत ते नसांना चेतवतं. ते अंड्याच्या पांढऱ्या बलकात कालवून दिलं, वर ब्रँडी पाजली. शेवटी तो भ्रमिष्टासारखा अडखळत आला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. त्याच्यासोबतच्या एकाने पुढे या शर्यतीबद्दल लिहिलं, ते शरमेने नव्हे. औषधांचा धावपटूला फायदा होतो, हे यातून सिद्ध झालं असा त्याचा सूर होता. म्हणजे एकाच शर्यतीत मोटारीत बसणं लबाडी ठरलं आणि विष पाजणं शास्त्र ठरलं.

सोळा वर्षांनी या इतिहासात आपल्याकडची माणसं येतात. 1919 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यती झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. शेतकरी घरातली पोरं अनवाणी धावताना त्यांनी पाहिली आणि यांना ऑलिंपिकला न्यायला हवं, असं त्यांच्या मनात आलं. 1920 साली बेल्जियममधल्या अँटवर्पला भारताचा छोटा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते, कुस्तीला रणधीर शिंदे होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, 42.75 किलोमीटरची होती. फिनलंडच्या हान्नेस कोलेह्माइनेनने ती 2 तास 32 मिनिटांत जिंकली. चौगुले 2 तास 50 मिनिटांत एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही.

चौगुल्यांच्या त्या एकोणिसाव्या नंबराकडे मी बराच वेळ बघत होतो. तिथे कुणाची तपासणी नव्हती. पण सगळे एका रेषेवरून सुटले म्हणून शर्यत बरोबरीची होती का? एका बाजूला वर्षानुवर्षांची शिस्तीची तालीम. दुसऱ्या बाजूला गावच्या वाटांवर तयार झालेले पाय आणि बोटीचा लांबलचक प्रवास. ही विषमता कुठल्याही प्रयोगशाळेत सापडत नाही. खेळाने ती नेहमी चालवून घेतली आणि आजही घेते. त्यामुळे डोपिंगविरोधी नियमांनी सगळा अन्याय संपेल, असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन, की आधीच असलेल्या विषमतेवर आणखी एक थर चढू नये, म्हणून ते आहेत.

आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने उत्तेजक द्रव्यांवर बंदी घातली ती 1928 साली. बंदी आली, पण तपासायची सोय नव्हती. ऑलिंपिकमध्ये चाचण्या सुरू झाल्या त्या 1968 साली. मधली चाळीस वर्षं कायदा होता, डोळे नव्हते.

पुढे तर आणखी गंमत झाली. लांब धावणाऱ्याचा सगळा खेळ रक्ताचा. लाल पेशी जितक्या जास्त, तितका प्राणवायू स्नायूंपर्यंत जास्त पोचतो. मग काहींनी शर्यतीआधी रक्तच चढवून घ्यायला सुरुवात केली. फिनलंडच्या कार्लो मानिंकाने 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरला रौप्य आणि पाच हजारला कांस्य मिळवलं, आणि रक्त चढवून घेतल्याचं नंतर कबूल केलं. पदकं त्याच्याकडेच राहिली, कारण त्या वेळी ते नियमाविरुद्ध नव्हतं. काही वर्षांतच त्यावर बंदी आली. मग आलं इपीओ. हे मूत्रपिंडात तयार होणारं संप्रेरक, शरीराला लाल पेशी बनवायला सांगतं. मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी ते कारखान्यात बनू लागलं आणि धावपटूंपर्यंतही पोचलं. ऑलिंपिक समितीने 1990 मध्ये त्यावर बंदी घातली. ते ओळखणारी चाचणी आली 2000 च्या सिडनी ऑलिंपिकला. पुन्हा दहा वर्षं आंधळी. त्या दहा वर्षांत जो प्रामाणिकपणे धावून चौथा आला, त्याला कुणी शोधायला गेलं नाही.

1999 मध्ये जागतिक उत्तेजक द्रव्य विरोधी संस्था, म्हणजे वाडा, स्थापन झाली. आपल्याकडे नाडा आली. 2009 पासून धावपटूच्या रक्ताची वर्षानुवर्षांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली. औषध सापडलं नाही तरी रक्तातला संशयास्पद बदल दिसतो. या सगळ्या व्यवस्थेचा पाया एका नियमावर आहे: तुझ्या शरीरात जे सापडेल, त्याला तू जबाबदार. कसं आलं, कुणी दिलं, नीयत काय होती, हे शिक्षा ठरवताना बघू. पण सापडलं म्हणजे नियम मोडलाच.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा नियम क्रूर वाटला. आमच्या नाशिकची संजीवनी जाधव घ्या. 2017 मध्ये भुवनेश्वरला आशियाई स्पर्धेत पाच हजार मीटरचं कांस्य, त्याच वर्षी तैपेईला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजारचं रौप्य. महाराष्ट्रातल्या किती मुलींनी तिचा फोटो कापून वहीत लावला असेल. 2018 मधल्या तिच्या नमुन्यात प्रोबेनेसिड सापडलं आणि दोन वर्षांची बंदी आली. प्रोबेनेसिडने कुणी वेगाने धावत नाही. ते संधिवाताच्या एका प्रकारावरचं जुनं औषध. पेनिसिलिन शरीरात जास्त वेळ टिकावं म्हणूनही ते देत. मग बंदी का? कारण ते मूत्रपिंडातून काही पदार्थ बाहेर पडू देत नाही, म्हणजे दुसरं औषध लपवू शकतं. ते तिच्या शरीरात कसं आलं, याबद्दल मी तर्क करणार नाही. बंदी संपवून ती परत आली आणि पुन्हा धावू लागली, हेही तितकंच खरं आहे.

केनियाची रूथ चेपनगेटिच हे अलीकडचं उदाहरण. ऑक्टोबर 2024 मध्ये शिकागोला तिने 2 तास 9 मिनिटं 56 सेकंदांत मॅरेथॉन पुरी केली. 2 तास 10 मिनिटांच्या आत येणारी ती पहिली बाई. मार्च 2025 मध्ये तिच्या नमुन्यात हायड्रोक्लोरोथायझाइड सापडलं. हे नाव अवघड वाटेल, पण तुमच्या घरात कुणाला रक्तदाब असेल तर कदाचित त्यांच्या गोळीत ते असेल. लघवी जास्त होऊन शरीरातलं पाणी कमी करणारं हे औषध. त्याने नमुना पातळ होतो, म्हणून बंदी. घरकामाला असलेल्या बाईच्या गोळ्या आजारपणात घेतल्या, असा खुलासा तिने नंतर केला. तीन वर्षांची बंदी आली. विक्रम त्या नमुन्याच्या आधीचा म्हणून तो मात्र कायम राहिला.

आता उलट बाजूने बघू. ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चाललं, तर उद्या प्रत्येक जण तेच म्हणेल. ज्यांच्याकडे वकील आहेत, डॉक्टर आहेत, ते जास्त सफाईने म्हणतील. नीयत ही माणसाच्या आतली गोष्ट. बाटलीत ती सापडत नाही. त्यामुळे नियम कडक हवा, हे मला हळूहळू पटत गेलं. पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो: ज्याच्यावर एवढी जबाबदारी टाकता, त्याला कुणी काही सांगितलं का?

इथे मला आमच्या महाडची आठवण येते. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असावेत, असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली झाला. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद तयार होता, पण पाण्यापर्यंत कुणी पोचू शकत नव्हतं. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. आणि त्यानंतरही कोर्टाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. माणुसकीच्या त्या लढ्याची बरोबरी मी धावण्याच्या शर्यतीशी करत नाही. पण महाडमध्ये शिकवणाऱ्याला एवढं तरी ठाऊक असलं पाहिजे, की कागदावरचा नियम आणि माणसापर्यंत पोचलेला नियम यांत मोठं अंतर असतं.

ते अंतर मी रोज पहाटे बघतो. फज्रनंतर फिरायला जातो तेव्हा मैदानावर भरतीची पोरं ग्राउंड मारत असतात. पोलीस भरतीत मैदानी चाचणीचे 50 गुण; त्यातले 20 मुलांच्या 1600 मीटरचे. वीस गुणांसाठी चार फेऱ्या. एका-एका गुणावर शेकडो मुलं मागे-पुढे होतात. घरी भात पावसाच्या भरवशावर, एमआयडीसीत काम मिळालं तर ठेकेदाराकडे. या चार फेऱ्या लागल्या तर घर वर येतं. केनियातली मुलं मॅरेथॉनमागे का लागतात, हे समजायला मला केनियाला जायची गरज पडली नाही.

दोन वर्षांपूर्वी याच मैदानाच्या कडेला, गवतात, मला दोन सुया सापडल्या. एका माजी विद्यार्थ्याला विचारलं. तो म्हणाला, ‘सर, ती ताकदीची असतात. व्हिटॅमिन.’ कुणी सांगितलं? तयारी करून घेणाऱ्याने. नाव काय औषधाचं? माहीत नाही, कागद काढून टाकलेला असतो. तू घेतलंस? तो खाली बघत राहिला. त्याच्याच बरोबरीचा दुसरा मुलगा, रोज माझ्या आधी मैदानात येणारा, एका गुणाने राहिला. त्याच्या पुढे गेलेल्यांपैकी कुणी काय घेतलं होतं, हे मला माहीत नाही आणि त्यालाही नाही. पण आता त्याला प्रत्येकाचा संशय येतो. जे खरोखर घाम गाळून पुढे गेले, त्यांचाही. डोपिंगने पहिला बळी जातो तो या विश्वासाचा.

सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत जे घडलं, ते अनेकांनी हसत वाचलं. स्टेडियमच्या स्वच्छतागृहात वापरलेल्या सुया सापडल्याचा व्हिडिओ फिरला, मग नाडाचे अधिकारी आले. पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. स्टीपलचेसमधली एक कनिष्ठ गटातली मुलगी तर शर्यत संपली तरी धावतच राहिली. अधिकारी मागे, ती पुढे. वाडाच्या आकडेवारीनुसार 2023 मध्ये भारतात 5,606 नमुने तपासले गेले आणि दोनशेहून जास्त दोषी निघाले, म्हणजे सुमारे 3.8 टक्के. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. मला त्या धावतच राहिलेल्या मुलीचं हसू आलं नाही. तिला सुई कुणी टोचली असेल, हा विचार आला. तो माणूस त्या वेळी कुठे होता? बहुतेक प्रेक्षकांत.

नियम वाचताना मला आणखी एक गोष्ट कळली. खेळाडूला बंदी असलेला पदार्थ देणारा प्रशिक्षक, डॉक्टर, सोबतचा माणूस, हाही स्वतंत्रपणे दोषी धरला जातो. ‘सोबतचा माणूस’ या शब्दांवर मी थांबलो. अलिबागला त्या मुलीसोबतचा माणूस मी होतो.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मुलांना नेहमी सांगतो, की आपला मराठी ‘हक्क’ आणि उर्दूतला ‘हक’ हा मुळात एकच अरबी शब्द आहे. लहानपणी घरात शिकवलं होतं, की माणसाचा हक मारला तर त्याची माफी त्या माणसाकडेच मागावी लागते, ती वरून परस्पर मिळत नाही. शर्यतीत हक मारला जातो तो मागून येणाऱ्याचा. जिंकणाऱ्याला तो दिसतही नाही. तो पाठीमागे असतो.

आठवड्याने मी तिला फोन केला. बाटलीत काय होतं, ते सांगितलं. म्हटलं, ‘चूक माझी. तू सतरा वर्षांची होतीस, सरांनी दिलं म्हणून प्यायलीस. मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण बाटली माझ्या हातात होती आणि मी वाचली नाही, हेही खरं आहे.’

ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘सर, तिसरी आलेली मुलगी आठवते तुम्हाला? माझ्या मागेच होती. शेवटच्या वळणावर मला तिचा श्वास ऐकू येत होता.’

मला आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत कपाटातून जुनी क्रीडा फाइल काढली. कोपरे वाळवीने खाल्लेले, पण कागद शाबूत. पुढच्या फेरीसाठी निवड झालेल्यांची यादी मिळाली. मुली, तीन हजार मीटर: दोन नावं. त्याखाली सही, शिक्का. तिसरं नाव त्या यादीत नव्हतं, कारण तिसऱ्या नावाची गरजच नव्हती.

आता स्पर्धेला निघताना मी मुलांना एक काम सांगतो. कुणीही, अगदी मीसुद्धा, औषध दिलं तर आधी त्याचं नाव वहीत उतरवून घ्यायचं आणि नाडाच्या ‘नो युवर मेडिसिन’ अ‍ॅपवर तपासायचं. मागच्या वेळी आठवीतल्या एका मुलाने माझ्या हातातली सर्दीची गोळी घेतली, पाकीट उलटं-सुलटं केलं आणि विचारलं, ‘सर, याचं स्पेलिंग सांगा.’ पाच मिनिटं उशीर झाला. गाडीवाला ओरडत होता. मी अक्षर-अक्षर वाचून दाखवलं.